नासाची नोकरी नव्हे, नासाच्या नोंदी

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडपासून तासाभराच्या वाटेवर लोणारचे सरोवर आहे. ते ज्वालामुखीने झाले की उल्केने, हा वाद बराच काळ चालला. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील शोधनिबंधाने उल्केच्या बाजूने ठाम पुरावा मांडला. त्या निबंधावर अमेरिकी संशोधकांबरोबर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील संशोधकांची नावे आहेत. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या रोजच्या काळ्या पाषाणात आहे. चंद्रावर आणि मंगळावरही बेसाल्ट भरपूर, म्हणून तिथली विवरे समजून घेण्यासाठी अभ्यासक लोणारचा दगड तपासतात. तरीही दहावीनंतर ‘मला अंतराळात काम करायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला याच परिसरात ‘ते आपल्यासारख्यांचे काम नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर काळजीपोटी येते, पण ते आता खरे राहिलेले नाही. देशांनी एकत्र येऊन अंतराळाचे जे दार उघडले आहे, ते यानात बसण्याचे कमी आणि उपग्रहांच्या नोंदी वाचण्याचे जास्त आहे. त्या दाराशी गावातून पोहोचता येते.

आपला देशही याच वाटेने अंतराळात गेला. 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून उडालेले पहिले रॉकेट अमेरिकेचे होते, त्यावरचे उपकरण फ्रान्सचे होते. 1975 मध्ये ‘आर्यभट्ट’ सोव्हिएत रॉकेटने कक्षेत गेला. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला निसार उपग्रह मात्र बरोबरीच्या भागीदारीचा आहे: एक रडार नासाचे, दुसरे इस्रोचे, रॉकेट आपले. दर 12 दिवसांनी तो त्याच मार्गावर परततो आणि त्याचे रडार ढगांतून, अंधारातूनही जमीन पाहते. खरिपात महिना महिना आभाळ भरलेले असते, तेव्हा साध्या छायाचित्रांतून सोयाबीनचे शेत दिसतच नाही. रडारला मात्र पिकाची वाढ आणि मातीतला ओलावा यांचा माग लागतो. या उपग्रहाच्या नोंदी सर्वांना विनामूल्य देण्याचे दोन्ही देशांचे धोरण आहे. कॅलिफोर्नियातला शास्त्रज्ञ जी नोंद उघडतो, तीच सिंदखेडराजा तालुक्यातली विद्यार्थिनी उघडू शकते. फरक उरतो तो नोंद वाचता येण्याचा, आणि ते शिकता येते. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था त्यासाठी विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. नागपुरात राज्य सरकारचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अशाच नोंदींवर काम करते.

यावर पालकांचा पहिला आक्षेप नोकऱ्यांचा असतो, आणि तो रास्त आहे. इस्रोतील जागा थोड्या, अर्ज प्रचंड. नासाच्या सरकारी नोकरीसाठी तर बहुतेक वेळा अमेरिकेचे नागरिकत्व लागते, त्यामुळे नासाच्या नावाने महागडे प्रमाणपत्र विकणाऱ्यांपासून दूरच राहावे. पण इस्रोत फक्त अभियंतेच लागतात हा समज चुकीचा आहे. तिथे दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना तंत्रज्ञ म्हणून आणि पदविकाधारकांना तांत्रिक सहायक म्हणून घेतात. वाशीम ओलांडले की लागणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. अमेरिकेच्या सहकार्यातून होणाऱ्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी तिथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील, त्यांतल्या नळ्या निर्वात ठेवाव्या लागतील. अशा कामाला भौतिकशास्त्रातल्या पीएचडीवाल्यांइतकीच कुशल वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे आणि संगणक सांभाळणारे यांची गरज असते. शिवाय उपग्रहाची नोंद वाचणाऱ्याला पीक विमा, पाटबंधारे, रस्ते, भूजल या क्षेत्रांतही काम असते. अंतराळाची वाट मध्येच बंद झाली, तरी शिकलेले वाया जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मोठे देश आपल्या सोयीने नोंदी खुल्या करतात, उद्या सरकार बदलले की दार लावतील. असे होऊ शकते. म्हणूनच मुलाने एका मोहिमेच्या नावामागे न लागता गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रामिंगचा पाया घट्ट करावा. उपग्रह बदलला तरी आलेख वाचण्याची रीत तीच राहते. इंग्रजीची भीतीही खरी आहे. पण ती नववीपासून रोज एक पान वाचून कमी होते, बारावीनंतर एकदम शहरात गेल्यावर नाही.

नववीच्या विद्यार्थ्यांसाठी इस्रोचा ‘युविका’ हा निवासी कार्यक्रम आहे. त्यात ग्रामीण शाळांतील मुलांना निवडीत जादा गुण मिळतात, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च इस्रो करते. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इस्रोच्या संकेतस्थळावर निघतात. घरात आठवी-नववीचे मूल असेल, तर येत्या फेब्रुवारीत ते संकेतस्थळ मुलाच्या शेजारी बसून उघडा.