व्यक्तिमत्त्व चाचणी : उपयोग आणि मर्यादा

कर्जत स्थानकातून लोणावळ्याकडे निघणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट चढतो. अशा मार्गावर चालकाचे क्षणभराचे दुर्लक्षही अनेकांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच साहाय्यक लोको पायलट निवडताना रेल्वे केवळ ज्ञानाच्या परीक्षेवर विसंबत नाही. स्मरणशक्ती, एकाग्रता, सूचनांचे पालन, अंतराचा अंदाज आणि आकलनाचा वेग यांची वेगळी कसोटी घेतली जाते. २०१८ च्या भरतीत यातील प्रत्येक चाचणीत किमान ४२ प्रमाणित गुण आवश्यक होते. कोणत्याही प्रवर्गाला त्यात सवलत नव्हती.

ही झाली अभियोग्यता चाचणी. व्यक्तिमत्त्व चाचणी हिच्याहून निराळी. तिच्यात उमेदवार स्वतःच्या स्वभावाविषयी उत्तरे देतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, रॉबर्ट वुडवर्थ यांनी सैनिकांसाठी अशी प्रश्नावली तयार करावयास घेतली. पुढे ही पद्धत कारखाने व कचेऱ्यांत रूढ झाली. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कर्तव्यदक्षता हा गुण सर्व प्रकारच्या व्यवसायांत उपयोगी ठरतो, असे दिसले. मात्र चांगल्या कामाशी त्याचा सहसंबंध सुमारे ०.२ एवढाच होता. म्हणजे माणसामाणसांच्या कामात जो फरक पडतो, त्यापैकी शेकडा ४ भागाचाच उलगडा त्यातून होतो. शिवाय नोकरीसाठी आलेला कोणता उमेदवार ‘मी आळशी आहे’ असे लिहून देईल?

आपल्या भागापुरता आणखी एक प्रश्न आहे. खालापूर तालुक्यात खोपोली व रसायनी येथे कारखाने आहेत. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. अशा वाडीतील तरुणापुढे इंग्रजी किंवा पुस्तकी मराठीतील प्रश्नावली ठेवली, तर तिच्यातून त्याचा स्वभाव नव्हे, भाषेची ओळख मोजली जाईल. घरात पहिल्यांदाच नोकरीची संधी आलेला मुलगा एका कागदामुळे नाकारला जाणे हे न्यायाचे नाही, आणि कारखान्याच्याही हिताचे नाही.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम कामाला कोणते गुण लागतात ते निश्चित करावे. नंतर शक्य तेथे प्रत्यक्ष काम करवून पाहावे. ग्रामपंचायतीला जलसुरक्षक नेमावयाचा असेल, तर टाकीतील पाण्याच्या मानाने टीसीएल पावडर किती घ्यावयाची, हे त्याला समजावून द्यावे व त्याच्या हातून करवून घ्यावे. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यावयाचीच असल्यास ती उमेदवाराच्या भाषेत व प्रशिक्षित व्यक्तीकडून घ्यावी, निष्कर्ष गुप्त ठेवावेत आणि केवळ त्यांच्या आधारे कोणासही नाकारू नये. निवड झाल्यावर प्रशिक्षणाची दिशा ठरविण्यास मात्र तिचा उपयोग होतो. चाचणी हे सल्ला देणारे साधन आहे. निर्णयाची जबाबदारी निवड करणाऱ्याचीच राहते.