घरच्या कुत्र्या-मांजरांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याची निवड

शेतकऱ्याच्या घरी बैल चारा खाईनासा झाला की लगेच धावपळ सुरू होते. कुत्रे मात्र दोन दिवस उपाशी पडून राहिले तरी त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक खळ्याची व गोठ्याची राखण कुत्रा करतो, कणगीतले भात मांजर उंदरांपासून वाचवते, आणि ही दोन्ही जनावरे घरातील लहान मुलांच्या अगदी अंगाशी वावरतात. त्यामुळे त्यांचा आजार पुष्कळदा घराचाच आजार ठरतो. पेण व रोहा या तालुक्यांतील प्रत्येक कुटुंबाने आपला पशुवैद्यकीय दवाखाना जनावर आजारी पडण्यापूर्वीच ठरवून ठेवावा, हे म्हणूनच अगत्याचे आहे.

निवड आधीच का करावी

याचे मुख्य कारण पिसाळ म्हणजेच रेबीज हा रोग होय. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. मग तो जनावरास होवो वा माणसास. पिसाळलेले कुत्रे नेहमी धावून चावतेच असे नाही. कित्येकदा ते सुस्त होते, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते व घास गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे असे समजून धनी त्याच्या तोंडात हात घालतो, आणि लाळेतून रोगाचा प्रवेश होतो. अशा वेळी तोंडाला हात न लावता कुत्र्यास वेगळे बांधून किंवा कोंडून ठेवावे व पशुवैद्यकास कळवावे. हा सल्ला कोणाकडून घ्यावयाचा हे आधी ठरलेले असले, तरच तो वेळेवर मिळतो.

पहिली कसोटी : उपचार कोण करतो

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याकडे मान्य पदवी व परिषदेकडील नोंदणी असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील नोंदणीचे काम नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद पाहते. खाजगी दवाखान्यात गेल्यास नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. ते पाहावयास मागण्यात कोणताही अपमान नाही. सरकारी दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक कोणत्या वारी व कोणत्या वेळी हजर असतात ते विचारून लिहून ठेवावे. पदविकाधारक कर्मचारी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करू शकतात. परंतु शस्त्रक्रिया व अवघड रोगाचे निदान हे पदवीधराचेच काम आहे.

आणखी एक गोष्ट विचारावी. गाई-म्हशींचे उपचार उत्तम करणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात कुत्र्या-मांजरांची लस व औषधे नेहमी असतातच असे नाही. ती तेथे मिळतात काय, की आधी सांगून मागवावी लागतात, हे एका फेरीत कळते.

दुसरी कसोटी : लस कशी ठेवतात

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावी लागते. ती तापली तर निकामी होते. गोठली तरी अनेक लसी बिघडतात. दवाखान्यात शीतकपाट चालू आहे काय, वीज गेल्यास कोणती सोय आहे, व गावोगावी लस नेताना बर्फाची पेटी वापरतात काय, हे पाहावे. उन्हात पिशवीतून आणलेली लस टोचून समाधान मिळते, संरक्षण मिळत नाही.

पिलास पिसाळीची पहिली लस साधारणपणे तीन महिन्यांच्या वयास देतात व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर वर्षी टोचून घेतात. पिलांना रक्ताची हगवण लावणाऱ्या पार्व्हो रोगाची लस त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते व ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. कोकणात पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही होतो. त्याच्या लसीविषयीही विचारावे. चांगला दवाखाना प्रत्येक लसीची तारीख, तिचा गट क्रमांक, पुढील तारीख व पशुवैद्यकाची सही असलेले कार्ड देतो.

तिसरी कसोटी : पावसाळ्यात पोहोचता येते काय

पेणच्या खारेपाटातील गावांना उधाणाची भरती व मुसळधार पाऊस एकत्र आले की वाट उरत नाही. डोंगरातील ठाकूर व कातकरी वाड्यांचीही तीच अडचण. म्हणून उन्हाळ्यातील अंतर न मोजता आषाढातील अंतर मोजावे. वडखळ, नागोठणे, कोलाड अशा रस्त्यावरच्या गावांकडे पाय वळत असतील, तर तालुक्याच्या ठिकाणापेक्षा त्या बाजूची सोय अधिक उपयोगी पडेल.

नेहमीची तपासणी व लस यांसाठी जवळचा दवाखाना, आणि हाड मोडणे किंवा मोठी शस्त्रक्रिया यांसाठी दूरचे मोठे चिकित्सालय, अशी दुहेरी निवड करावी. मोठ्या उपचारासाठी मुंबईस जाणे शक्य असल्यास परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, जे १८८६ साली स्थापन झाले, सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे केव्हा पाठवावे हे जवळच्या पशुवैद्यकास विचारावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नि:शुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्या गावी ती सेवा कशी मिळते याची चौकशी आधी करावी.

घरी काय करू नये

माणसाचे औषध जनावरास देऊ नये. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विषासारखी मारक ठरते. कुत्रे चावल्यास जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि माणसास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. गुरास चावल्यास जखम अशीच धुवावी, मात्र हातमोजे घालून. आणि पशुवैद्यकास त्याच दिवशी कळवावे, कारण चाव्यानंतरही लसीची मालिका सुरू करता येते. चावणारे कुत्रे मारून टाकू नये. शक्य असल्यास ते बांधून दहा दिवस त्यावर नजर ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील कुत्र्या-मांजरांची यादी करावी व जवळच्या दवाखान्याशी बोलून एकाच दिवशी सर्वांना लस टोचण्याची व्यवस्था करावी. पशुवैद्यकाचे नाव, दवाखान्याची वेळ व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. एका घरच्या कुत्र्यास लस दिल्याने ते घर सुरक्षित होते. गावातील बहुतेक कुत्र्यांना दिल्याने सारे गाव सुरक्षित होते. चांगल्या दवाखान्याची निवड ही अशा रीतीने एकट्या धन्याची नव्हे, तर गावाची बाब आहे.