थंड सकाळ आणि मोटारीचे एंजिन

मुंबई किंवा कोकणातून दिल्लीला प्रथमच जाणाऱ्या माणसाला तेथील हिवाळा चकित करतो. जानेवारीतील पहाटेचे तापमान तेथे सरासरी ७ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली म्हणजे ते त्याहूनही बरेच खाली उतरते. १ जानेवारी २०२१ रोजी सफदरजंग येथे १.१ अंश इतक्या किमान तापमानाची नोंद झाली. अशा सकाळी करोल बागेच्या अरुंद गल्ल्यांतून दाट धुके साचलेले असते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी गजबजून गेलेली ही वस्ती वाहनांच्या सुट्या भागांच्या बाजारपेठेसाठीही प्रसिद्ध आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत येथील घरांसमोर उभ्या असलेल्या अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी मोटारींचे मालक हिवाळ्यात आधी एंजिन सुरू करीत, मग ते तसेच चालू ठेवून चहाला घरात जात. एंजिन तापल्याशिवाय मोटार हलवायची नाही, असा हा नियम होता. त्यामागील कारणे कोणती, आणि तो आज कितपत पाळावा, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

थंड एंजिन सुरू होण्यात तीन अडचणी असतात. पहिली अडचण इंधनाची. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंडीत मात्र पेट्रोलमधील केवळ हलके घटकच वाफ होतात व उरलेले थेंबांच्या रूपाने नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. म्हणून जुन्या मोटारीत चोकची दांडी ओढून कार्ब्युरेटरमध्ये शिरणारी हवा कमी करावी लागे. त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि ठिणगी पडताच पेट घेण्याइतकी वाफ मिळे.

दुसरी अडचण वंगणाची. तापमान उतरले की तेलाची श्यानता, म्हणजेच दाटपणा, वाढतो. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजते, हे प्रत्येक घरात दिसते. एंजिनचे तेल तसे थिजत नसले तरी जड होते आणि वरच्या भागांपर्यंत पोहोचण्यास त्याला अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ दट्ट्या, सिलिंडर व धारवे यांचे घर्षण अपुऱ्या वंगणावर चालते. तिसरी अडचण बॅटरीची. तिच्यातील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते व तिची शक्ती घटते. नेमके त्याच वेळी जड झालेले एंजिन फिरविण्यास अधिक शक्ती हवी असते.

यावरून एंजिनला थोडी उसंत द्यावी, ही समजूत निराधार नव्हती हे दिसून येईल. चूक होती ती उसंतीच्या लांबीत. जागेवर मंदगतीने चालणारे एंजिन फार थोडे काम करते व म्हणून फार थोडी उष्णता निर्माण करते. ते रेंगाळत तापते, आणि तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढते. त्यातील काही पेट्रोल खाली झिरपून वंगण तेलात मिसळते. शिवाय १ लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ १ लिटर पाणी तयार होते. तापलेल्या एंजिनातून ते वाफ होऊन निघून जाते. थंड एंजिनात आणि धुराच्या नळकांड्यात त्याचे थेंब साचतात व गंज धरतो. ज्या झिजेच्या भीतीने एंजिन उभ्या जागी तापविले जाई, त्याच झिजेला अशा रीतीने आमंत्रण मिळे.

पुढे मोटारीच बदलल्या. १९९५ साली दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण आवश्यक झाले. २००० सालच्या सुमारास प्रदूषणाची मानके अधिक कडक झाली व कार्ब्युरेटर मागे पडून पेट्रोलची फवारणी करणारी यंत्रणा आली. तीत तापमान मोजणारे संवेदक असतात आणि किती पेट्रोल सोडायचे ते यंत्रणा स्वतःच ठरविते. चोकची दांडी इतिहासजमा झाली. उत्प्रेरक उपकरणाला मात्र नीट काम करण्यासाठी साधारण २५० ते ३०० अंश तापमान लागते. तोपर्यंत बाहेर पडणारा धूर जवळजवळ अशुद्धच असतो.

प्रश्न केवळ यंत्राचा असता तर तो मालकाच्या खिशापुरता राहिला असता. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक आसक्तीने जखडला जातो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर धोक्याची जाणीवही होत नाही. म्हणून बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवणे, किंवा उबेसाठी काचा लावून चालू मोटारीत झोपणे, हे जिवावर बेतणारे आहे. उघड्या गल्लीत वायू विरतो खरा. पण हिवाळ्यातील सकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर असतो, त्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर वर जाऊ शकत नाही. गल्लीतील तळमजल्याच्या खिडक्या नळकांड्याच्या उंचीवरच असतात. त्यांच्या आत कोणाचे तरी तान्हे मूल असते, कोणी दमेकरी वृद्ध असतो.

मग करावे काय? प्रथम काचेवरील दव पुसून घ्यावे, आरसे नीट करावेत व त्यानंतरच एंजिन सुरू करावे. तेलाच्या दाबाचा दिवा विझल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबणे आजच्या मोटारीला पुरते. कार्ब्युरेटरची जुनी मोटार असेल तर एंजिन अडखळेनासे होईपर्यंत थांबून, मग चोक हळूहळू आत ढकलावा. त्यानंतर पहिले काही किलोमीटर संथ जावे. एंजिनला जोराने पळवू नये. चालत्या मोटारीचे एंजिन उभ्या मोटारीपेक्षा लवकर तापते आणि त्याबरोबर चाकांचे धारवे व गिअरपेटीतील तेलही सैल होते. उत्पादकाने सांगितलेल्या दाटपणाचे तेल वापरणे आणि हिवाळ्यापूर्वी बॅटरी तपासून घेणे, ही खरी पूर्वतयारी होय. एवढे केल्यास यंत्राचे आयुष्य वाढेल आणि शेजाऱ्याच्या खिडकीत धूरही जाणार नाही.