जटपुरा गेटचा गाळा

मूल, रविवार

चि. बाळू,

परवा बाजारात ऐकलं, की तू चांद्याला जटपुरा गेटजवळ गाळ्याचा इसार दिलास अन् बापाची धानाची बांधी विकायला काढलीस. मामाला हे धानाच्या दलालाकडून कळावं? खरं काय ते आधी लिही.

त्या गाळ्याची आखीव पत्रिका पाहिलीस का? विकणाऱ्याने दाखवलेली झेरॉक्स नव्हे, नगर भूमापन कार्यालयातून तू स्वतः काढलेली. त्यात ‘नझूल’, म्हणजे सरकारी जमीन, असं लिहिलं असेल तर भाडेपट्टा कधी संपतो?

इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून चांद्याच्या किल्ल्याच्या परकोटावरची झाडंझुडपं काढली, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं, लोक किल्ला पाहायला येऊ लागले. जुनं चांदा उजळतंय, मलाही बरं वाटतं. पण ज्या परकोटाच्या नावावर तुला भाव सांगतात, तोच तुझे हात बांधणार. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीने. अन् तू म्हणे वर मजला चढवणार! आत जुना भाडेकरू आहे तो निराळाच. पत्रिका काढलीस का, सांग.

१९८२ च्या ऑगस्टात गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा मीही असाच पेटलो होतो. चामोर्शी रस्त्याला दुकानापुरती जागा. मालक एक गोंड म्हातारा. साध्या कागदावर अंगठा घेतला. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन आपल्याला घेता येत नाही, हे माहीत नव्हतं असं मी तुझ्या मामीला सांगितलं. माहीत होतं. जागा परत गेली, ते योग्यच झालं. मामीच्या पाटल्या मात्र गेल्या. शाईचा अंगठा धोतराला पुसत, काही न विचारता उठलेला तो म्हातारा अजून डोळ्यांपुढे येतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

फार बोललो, रागावू नकोस. दुकानदारी तुझ्या हातात आहे. चैत्रात महाकालीच्या यात्रेत नारळ विकायला बसायचास, तेव्हा एवढ्या गर्दीतही सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकत नसे. तुझी आई सगळ्यांना सांगत फिरायची.

शनिवारी ये. पत्रिका मिळाली तर आण, नाही मिळाली तरी ये. मामी लाखोळीचे वडे करणार आहे. इसार बुडाला तर तेवढे पैसे मी देईन, बांधी तेवढी विकू नकोस.

तुझा,
मामा