हायड्रॉलिक क्लच ग्रिपजवळच पकडतो?

प्रश्न : माझ्या सेकंडहँड हजार सीसी बाइकचा क्लच लिव्हर ग्रिपपासून जेमतेम हलताच पकडतो. सिग्नलला न्यूट्रलही पडत नाही. लिव्हरवरची आकड्यांची चकती फिरवली, उपयोग झाला नाही. केबलसारखा ॲडजस्टर कुठे असतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काळजी नको, क्लच प्लेट गेल्याच असतील असे नाही. बुलेट किंवा पल्सरच्या केबल क्लचसारखा ॲडजस्टर तुमच्या गाडीत शोधून सापडणार नाही. हायड्रॉलिक यंत्रणा प्लेटची झीज आपोआप भरून काढते. चकतीने फक्त लिव्हर बोटांच्या जवळ किंवा लांब जातो.

पकड खाली सरकली, की पहिला संशय क्लचच्या ऑइलमध्ये शिरलेल्या हवेचा. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर ब्लीडिंग करून ती काढून घ्या. ऑइल काळपट दिसले तर पूर्ण बदला. साधारण दोन वर्षांनी बदलायचेच असते. लिव्हरच्या पिव्होटचे बुश आणि पुशरॉडचे टोक झिजले, तरी दाब वाया जातो. हे भाग स्वस्तात बदलून होतात. ऑइलची पातळी घटत असेल तर स्लेव्ह सिलिंडरची गळती तपासा.

पुशरॉड घट्ट करून लिव्हरचा फ्री-प्ले मात्र संपवू नका. लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरमधले परतीचे छिद्र झाकले गेले, तर तापून फुगलेले ऑइल मागे येत नाही आणि क्लच घसरतो.

ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलेच घाला. ब्रेम्बोच्या क्लचला सहसा डॉट 4 लागते, तर मॅगुराच्या ‘हायमेक’ला मिनरल ऑइल. अदलाबदल झाली तर सील खराब होतात. डॉट 4 टाकीवर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघेल.