घटक ४ : कृपादानांची ओढ आणि शोधकाची नम्रता

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला –
• ‘कृपादान’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• पौलाने करिंथ येथील मंडळीपुढे ठेवलेला निकष सांगता येईल.
• शिमोनाच्या कथेच्या आधारे मागणी आणि हेतू यांतील फरक विशद करता येईल.
• या विचाराचा मराठी परंपरेशी असलेला संबंध दाखवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, ख्रिस्ती मराठी वाङ्मय वाचताना ‘कृपादान’ हा शब्द तुम्हाला वारंवार आढळेल. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’ असून तो ‘खारिस’ म्हणजे कृपा या शब्दापासून बनला आहे. आपल्याकडे ‘दान’ म्हटले की दात्याचे पुण्य आठवते. येथे मात्र लक्ष घेणाऱ्याकडे आहे. जे मिळाले ते त्याने कमावलेले नाही, हा या शब्दाचा गाभा होय. असे असेल, तर मनुष्याने कृपादानाची इच्छा धरावी काय? आणि धरली, तर ती शुद्ध आहे हे कशावरून ओळखावे? या दोन प्रश्नांचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

४.२ करिंथ येथील प्रश्न

करिंथ हे ग्रीसमधील दोन बंदरांचे, व्यापाराने संपन्न झालेले नगर होते. तेथील मंडळीला पौलाने इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिस येथून पत्र लिहिले. या मंडळीत कृपादानांची उणीव नव्हती. उणीव होती ती परस्परांविषयीच्या आस्थेची. प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, अशी तक्रार पौल याच पत्रात करतो. अशा मंडळीत अन्य भाषांत बोलण्याचे दान, म्हणजे ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या वाणीत प्रार्थना करणे, हे मोठेपणाचे लक्षण ठरू लागले होते.

पौलाचे उत्तर पत्राच्या १२ ते १४ या अध्यायांत आहे. तो दानांचा निषेध करत नाही. उलट, त्यांची उत्कंठा बाळगा, असेच तो सांगतो. स्वतःलाही अन्य भाषांचे दान आहे, हे तो लपवत नाही. परंतु सभेत न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा इतरांना शिकवणारे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात. त्याचा निकष एकच आहे : या दानाने दुसऱ्याची उभारणी होते काय? म्हणूनच रोग बरे करणे, अद्भुत कार्ये करणे यांच्याच यादीत तो साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे या साध्या कामांनाही स्थान देतो. आणि दानांविषयीच्या या दोन अध्यायांच्या मधोमध तो प्रीतीचा अध्याय ठेवतो. प्रीती नसेल तर सर्वांत मोठे दानही व्यर्थ आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे.

४.३ शिमोनाची मागणी

मागणीमागचा हेतू किती फसवा असू शकतो, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील कथा दाखवते. शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार होता. लहानथोर सर्व जण त्याला दैवी सामर्थ्याचा पुरुष मानत. फिलिप्पाचा उपदेश ऐकून त्याने विश्वास ठेवला व बाप्तिस्मा घेतला. पुढे पेत्र आणि योहान यांनी हात ठेवताच लोकांना पवित्र आत्मा मिळतो, हे पाहून त्याने पैसे पुढे केले आणि तोच अधिकार मागितला.

त्याच्या मागणीचे शब्द लक्षपूर्वक पाहा. आपण ज्याच्यावर हात ठेवू त्याला आत्मा मिळावा, असे तो म्हणतो. वरवर पाहता ही मागणी इतरांसाठीच आहे. तरीही पेत्र त्याला कठोर शब्दांत सांगतो की, तुझे अंतःकरण देवापुढे सरळ नाही. गावाचा गमावलेला आदर शिमोनाला नव्या मार्गाने परत हवा होता, असा अर्थ या कथेतून निघतो. सेवेची भाषाही स्वतःच्या थोरवीसाठी वापरता येते, हा या कथेचा बोध होय. चर्चमधील पदे विकत घेण्याच्या प्रथेला युरोपीय भाषांत याच शिमोनावरून नाव पडले. मात्र पेत्र त्याला पश्चात्तापाची वाट दाखवतो आणि शिमोनही आपल्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंती करतो. त्याचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही.

४.४ नम्रता म्हणजे काय?

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, असा समज सर्वत्र आढळतो. पौलाचे शरीराचे रूपक हा समज दूर करते. त्यात पाय म्हणतो, ‘मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही’; आणि डोळा हाताला म्हणतो, ‘मला तुझी गरज नाही’. एकात न्यूनगंड आहे, दुसऱ्यात अहंकार. पण दोघेही स्वतःचेच मोजमाप करण्यात गुंतले आहेत. ‘मी अपात्र आहे, मला काही नको’ असे म्हणणारा म्हणूनच नम्र ठरतोच असे नाही. नम्र मनुष्य दान मागतो. परंतु ते दुसऱ्याला मिळाले तरी त्याला आनंद होतो. हेतू तपासण्याची यापेक्षा नेमकी कसोटी सापडणे कठीण आहे.

४.५ मराठी परंपरेतील दोन संदर्भ

(अ) चांगदेव : योगसामर्थ्याने वाघावर बसून आलेला चांगदेव ज्ञानदेवादी भावंडांपुढे नमला आणि वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईचा शिष्य झाला, ही आख्यायिका तुम्हाला परिचित आहे. सामर्थ्याचा अभिमान हा शिमोन व चांगदेव यांना जोडणारा धागा आहे. भेदही ध्यानात ठेवा : सिद्धी साधनेने प्राप्त होते, कृपादान मात्र केवळ कृपेने.

(आ) पंडिता रमाबाई : केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली. प्रार्थना, पश्चात्ताप आणि पुढे अन्य भाषांत बोलणे यांची वृत्ते दूरवर पोहोचली. अशा संस्थेला करिंथप्रमाणे अद्भुतात रमणे सहज शक्य होते. रमाबाईंनी मात्र अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्यात वेचली. अल्पशिक्षित स्त्रियांना ते कळावे, हा त्यांचा उद्देश होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९२४ मध्ये संपूर्ण भाषांतर प्रकाशित झाले. ऐकणाऱ्याला कळणारे पाच शब्द मोलाचे, या पौलाच्या विचाराचे हे मराठीतील ठळक उदाहरण म्हणता येईल.

४.६ सारांश

कृपादानाची इच्छा धरणे हा दोष नाही. ते दान कोणासाठी हवे, यावर इच्छेची शुद्धता ठरते. चांगल्या शब्दांत केलेली मागणीही अशुद्ध असू शकते, म्हणून साधकाने इतरांच्या आधी स्वतःचा हेतू तपासावा. ज्याने दुसऱ्याची उभारणी होते आणि जे दुसऱ्याला मिळाले तरी आनंद होतो, ते दान मागण्यास योग्य होय.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कृपादान’ आणि ‘सिद्धी’ यांतील भेद पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. शिमोनाची मागणी इतरांच्या हिताची वाटत असूनही पेत्राने ती का नाकारली?
३. पाय आणि डोळा यांच्या उद्गारांत कोणते साम्य आहे? स्पष्ट करा.
४. तुम्हाला अवगत असलेली एखादी कला किंवा विद्या घ्या. ती मिळवताना तुमचा हेतू कोणता होता आणि आज कोणता आहे, यावर एक परिच्छेद लिहा.