बोटे कोण वाकवतो?

मित्रांनो, डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटे हलवा बघू. आत काहीतरी वळवळते ना? बोटे वाकवणारे मोठे स्नायू तिथे असतात. खुद्द बोटांत स्नायू नाहीतच! मग ओढ बोटापर्यंत पोचते कशी? स्नायूच्या टोकाला पांढरी, चिवट दोरी असते. तिला कंडरा म्हणतात. ती मनगटातून जाऊन बोटाच्या हाडाला घट्ट जोडलेली असते. विहिरीवर दोर ओढला की पोहरा वर येतो, तसेच हे. (हाडाला हाड बांधतात ते अस्थिबंध, ते वेगळे.)

आता अंगठा करंगळीला टेकवा, मनगट थोडे आत वाकवा. मधोमध एक कंडरा उठून दिसेल. काहींच्या हातात ती नसतेच. घाबरू नका, काही अडत नाही.

घरी कंडरेला 'शीर' म्हणतात, पण ती रक्ताची नळी नव्हे. म्हणून बोटाला किंवा मनगटाला विळा लागला, तर रक्त थांबले म्हणजे झाले, असे नाही. बोट वाकते का, सरळ होते का, तेही पाहावे. होत नसेल तर कंडरा तुटलेली असू शकते. तुटलेली टोके लांब सरकतात, हळद दाबून ती जुळत नाहीत. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. तिथे डॉक्टर टोके शोधून शिवतात. बोट हलत असले तरी खोल जखम दाखवावीच.